‘नेक्स्ट’ दाबायच्या आधी : वाचकांचे कॉम्प्युटरचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये गावं वेगळी पण दुखणं एकच दिसलं, अपडेट केलं आणि त्याच्याबरोबर भलतंच काहीतरी मशीनमध्ये येऊन बसलं. म्हणून सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नेहमीप्रमाणे नावं छापलेली नाहीत, फक्त गाव आहे.

तारकर्लीहून एक ताई लिहितात : आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. बुकिंगचे मेल बघायला आणि बिलं काढायला एक जुना लॅपटॉप आहे. गेल्या महिन्यात पीडीएफ उघडायचा प्रोग्राम सारखा अपडेट मागत होता, पाहुणे बॅगा घेऊन बिलासाठी उभे, प्रिंट निघेना, म्हणून मी पटापट नेक्स्ट नेक्स्ट करत गेले. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर पहिलं पानच बदललेलं, काही शोधलं की वर नुसत्या जाहिराती, आणि खाली कोपऱ्यात ढालीचं चित्र येऊन सांगतं की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. त्यावर क्लिक केलं की पैसे मागतं. मुलगा म्हणतो व्हायरस आलाय, फॉरमॅट मारूया. तीन वर्षांचे हिशोब आहेत त्यात. माका काय समजाक नाय, काय करू?

ताई, सगळ्यात आधी मुलाला सांगा फॉरमॅट थांबव म्हणून. आणि तुम्ही जे सांगताय त्यावरून हा नेहमीच्या अर्थाने व्हायरस वाटत नाही, म्हणजे चोरून घुसलेला नाही, तुमच्याच हाताने परवानगी काढून आत आलेला आहे. तुमची चूक म्हणून नाही सांगत. ती परवानगी ज्या पद्धतीने काढतात ना त्याचाच मला राग आहे आणि तो गेली कित्येक वर्षं आहे.

ती खिडकी परत एकदा डोळ्यासमोर आणा. वर प्रोग्रामचं ओळखीचं चित्र, मध्ये एक दोन ओळी, उजवीकडे खाली मोठं रंगीत बटण ‘नेक्स्ट’ किंवा ‘इन्स्टॉल’. आता मधल्या भागात बघा, फिकट करड्या अक्षरात एक ओळ असते, की याच्यासोबत अमुक टूलबार (म्हणजे ब्राउझरच्या वर येऊन बसणारी जास्तीची पट्टी) किंवा अमुक सिक्युरिटी स्कॅन पण घ्या, आणि तिच्या डाव्या बाजूच्या छोट्या चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. तुम्ही केलेली नाही, त्यांनी केलेली. तुम्ही फक्त ती काढली नाहीत, आणि त्याचा अर्थ तुमची संमती असा धरला जातो. काही ठिकाणी टिकसुद्धा दिसत नाही, दोन पर्याय असतात, ‘एक्सप्रेस’ आणि ‘कस्टम’, एक्सप्रेसच्या पुढे ‘शिफारस केलेला’ असं लिहिलेलं, आणि तो निवडला की सगळा लवाजमा आत. टिकचे चौकोन कस्टममध्ये लपवलेले. नाव असं ठेवलंय की साध्या माणसाला वाटावं कस्टम म्हणजे इंजिनिअर लोकांचं काम, आपण कशाला हात लावा.

हे का करतात तर पैसा. फुकट प्रोग्राम बनवणाऱ्याला दुसरी कंपनी दर इन्स्टॉलमागे पैसे देते. ब्राउझरचं पहिलं पान आणि सर्च एकदा आपल्याकडे वळवला की तुम्ही ‘मालवण टॅक्सी’ शोधा नाहीतर ‘स्कुबा रेट’, त्या जाहिरातींवर पडणाऱ्या प्रत्येक क्लिकमधून कमाई होते.

आणि हे कोणी फडतूस लोकच करतात असंही नाही. जावा म्हणून एक प्रोग्राम आहे, बाकीचे कित्येक प्रोग्राम चालायला तो लागायचा, त्याच्या अपडेटबरोबर कित्येक वर्षं आस्क नावाच्या सर्च साइटचा टूलबार यायचा, टिक आधीच केलेली. २०१३ च्या जानेवारीत जावामध्ये सुरक्षेची गंभीर भोकं सापडली होती, जो तो सांगत होता ताबडतोब अपडेट करा, आणि त्याच सुरक्षेच्या अपडेटमध्ये तो टूलबार होता. त्यावर कडी म्हणजे तो लगेच बसायचा नाही, जवळजवळ दहा मिनिटं थांबून मग गुपचूप बसायचा, तेव्हा तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या पत्रकारांनी हे उघड केलं होतं. म्हणजे एखाद्याला शंका येऊन त्याने लगेच यादी तपासली तरी तिथे काहीच सापडायचं नाही. २०१५ मध्ये आस्क गेला आणि त्या जागी याहू आला. वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणारा फ्लॅश प्लेयर घ्यायला गेलं की मॅकअफी सिक्युरिटी स्कॅनची टिक असायची. त्याच्याही आधी, २००८ च्या मार्चमध्ये विंडोजवर आयट्यून्स वापरणाऱ्यांना ॲपलच्या अपडेटच्या यादीत सफारी ब्राउझर टिक करूनच दाखवला होता, ज्यांनी तो आधी कधी घेतलाच नव्हता त्यांनासुद्धा. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या प्रमुखांनी तेव्हा जाहीर विरोध केला, त्यांचं म्हणणं असं की यामुळे लोकांचा अपडेटवरचा विश्वासच उडेल. पुढे ॲपलने यादीत ‘अपडेट’ वेगळं आणि ‘नवीन सॉफ्टवेअर’ वेगळं असे दोन भाग केले.

आता तुमचं काम. आधी हिशोबाचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या, हे आजच करा, पुढचं उद्या केलंत तरी चालेल. मग सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडा, इन्स्टॉल केलेल्यांची यादी येईल, ती तारखेप्रमाणे लावा. पीडीएफचं अपडेट ज्या दिवशी केलं त्या तारखेला, नाहीतर एखाद दिवस पुढे, जे अनोळखी नाव दिसेल तेच तुमचे पाहुणे. एकेक करून अनइन्स्टॉल करा. आणि तेव्हासुद्धा सावकाश वाचा हं, कारण काढतानाही ते विचारतात ‘खरंच काढायचं? की ठेवायचं?’ आणि ठेवायचं बटण मोठं असतं. त्यानंतर ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची, यादी बघा, नको ते काढा, ‘ऑन स्टार्टअप’ मध्ये तुमचं पहिलं पान परत लावा, सर्च इंजिन कुठलं लावलंय तेही बघा, बहुतेक ते बदललेलं असणार. एवढं करून रीस्टार्ट. तरीही जाहिराती परत आल्या तर मालवेअरबाइट्स या कंपनीचं AdwCleaner नावाचं छोटं फुकट टूल आहे, ते त्यांच्याच साइटवरून घ्या, दुसरीकडून नको. पैसे मात्र त्या ढालवाल्याला एक रुपया देऊ नका.

अजून एक, हे परत होऊ नये म्हणून. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ मध्ये जा, तिथे ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ च्या आत ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग’ असा स्विच आहे, तो चालू करा आणि त्याच्या खालच्या दोन्ही टिक ठेवा. इथली टिक मात्र आपल्या कामाची आहे. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून हा स्विच तिथे मिळतो, पण जुन्या मशीनवर बंद सापडतो. सगळंच थांबेल असं नाही, पण बरंचसं दारातच अडतं.

चिपळूणहून एक निवृत्त गुरुजी लिहितात : मी दोनदा असा फसलो, त्यानंतर शेजारच्या मुलाकडून सगळी अपडेट बंदच करून घेतली. विंडोजचीसुद्धा. आता दीड वर्ष झालं, कसला त्रास नाही, टूलबार नाही काही नाही. माझे मित्र म्हणतात हे चूक आहे. मला वाटतं चालत्या गाडीला खीळ कशाला घाला. आपलं मत सांगावं.

गुरुजी, तुमचा अनुभव खरा आहे आणि तुमचा निर्णय मला कळतो, पण तो चुकीचा आहे आणि हे मी हात जोडून सांगतो. फसवणारे तुम्हाला दोनदा फसवून गेले हे वाईटच, पण त्यांनी तुमचं दार कायमचं उघडं ठेवायला लावलं हे त्याहून वाईट झालं. पावसाळ्यात कौलं शाकारायला येणारा गडी परड्यातले नारळ घेऊन गेला तर आपण गडी बदलतो, कौलं शाकारायची सोडत नाही ना.

एकच उदाहरण देतो. २०१७ च्या १२ मे ला वॉनाक्राय नावाचा खंडणीवाला व्हायरस जगभर पसरला, फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलची कामं त्याने ठप्प केली. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं विंडोजचं अपडेट १४ मार्चलाच येऊन गेलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी ते लावलं होतं त्यांच्या मशीनला त्या भोकातून धोका नव्हता. दीड वर्ष कसला त्रास नाही म्हणता, पण असली भोकं त्रास देत नाहीत हो, नुसती उघडी असतात.

विश्वास उडायला कारण आहे हेही मान्य. २०१६ मध्ये विंडोज १० कडे नेणारी जी खिडकी यायची ती कोपऱ्यातल्या लाल फुलीने बंद केली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं, लोक सकाळी उठून बघतात तर मशीनच वेगळं. फुली म्हणजे नको, हे लहान मुलाला कळतं. ओरडा झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते बदललं. पण ते विंडोजची आवृत्तीच बदलणारं अपग्रेड होतं. दर महिन्याला येणारी सुरक्षेची दुरुस्ती ही गोष्ट वेगळी, तिच्यात दुसऱ्या कंपनीचे टूलबार येत नाहीत.

मी रत्नागिरीत रिपेअरच्या दुकानात बसत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. त्या काळात टूलबारवाली मशीन रोज यायची, एकावर एक पाच पाच पट्ट्या, आणि खरं पान बघायला खाली चार बोटं जागा. एक ठेकेदार होते, ग्रामपंचायतीची छोटी कामं घ्यायचे, पाखाडी, साकव, विहिरीचा कठडा असली. टेंडर ऑनलाइन भरायचं, डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी वस्तू, लावायचा, आणि सहीसाठी मशीनमध्ये एक प्रोग्राम लागायचा. त्या प्रोग्रामच्या अपडेटबरोबर असंच काहीतरी आलं, ब्राउझर बिघडला, आणि ह्यांनी वैतागून ते अपडेट ज्याचं होतं तो प्रोग्रामच व्हायरस समजून काढून टाकला. शेवटच्या दिवशी दुपारी टेंडर भरायला बसले, सगळे कागद अपलोड झाले, आणि सही होईना. टोकन हातात घेऊन धावत दुकानात आले तेव्हा मुदत संपायला पाऊण तास होता. प्रोग्राम परत टाकायला घेतला, नेट रडतखडत, ऐंशी टक्क्यांवर आला आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी होती पण राउटर बंद. ते टेंडर गेलं. बाकावर बसून ते नुसते त्या टोकनकडे बघत होते, मला अजून ते दिसतं. म्हणून कोणी म्हणालं ना की काय एवढं, एक टूलबारच तर आहे, तर मला ते ऐकवत नाही.

तर गुरुजी, त्या मुलाला परत बोलवा आणि विंडोजचं अपडेट चालू करून घ्या, ब्राउझरचंही. ही दोन्ही आपापल्या सेटिंग्जमधून होतात आणि तिथे नेक्स्ट नेक्स्ट काही नसतं. तुमचं मशीन विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा विंडोज ११ चालतंय का, नाहीतर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी होते का, ते त्याच्याकडून बघून घ्या. बाकीचे प्रोग्राम, म्हणजे पीडीएफ, व्हिडिओ, झिप वगैरे, यांची अपडेट घाईत करायची नाहीत, संध्याकाळी चहा घेऊन बसल्यावर, चष्मा लावून, प्रत्येक खिडकी वाचून. आणि कुठल्याही वेबसाइटने मध्येच सांगितलं की तुमचा फ्लॅश प्लेयर जुना झालाय, अपडेट करा, तर ते शंभर टक्के खोटं, कारण फ्लॅशच ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, त्याचं अपडेट आता येणार कुठून.

देवगडजवळून एक टायपिंगवाले दादा लिहितात : माझं झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि मराठी टायपिंगचं दुकान आहे. मशीन बदललं म्हणून मराठी टायपिंगचं जुनं फुकट टूल शोधून एका साइटवरून डाउनलोड केलं, ते बसलं पण त्याच्याबरोबर अजून तीन प्रोग्राम बसले. मी तर कस्टमच निवडलं होतं, टिक पण काढल्या होत्या. मग कसं?

दादा, तुम्ही जे डाउनलोड केलं ते ते टूलच नसणार, त्याच्याभोवती गुंडाळलेलं वेष्टन असणार. तुमच्या भागात हे वेगळं समजवायला नको, पेटीवर देवगड हापूस छापलेलं आणि आत गवतात कर्नाटकचा आंबा, तसंच. डाउनलोड देणाऱ्या काही साइट दुसऱ्याचा प्रोग्राम घेतात, त्याला स्वतःचा इन्स्टॉलर चढवतात, आणि आधी तो चालतो, मग खरा प्रोग्राम. तुम्ही टिक काढल्या त्या कदाचित आतल्या खिडकीतल्या, बाहेरच्याने आपलं काम तोवर उरकलेलं.

मोठ्या नावांनीही हे केलंय. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने असं वेष्टन सुरू केलं तेव्हा एनमॅप हा नेटवर्क तपासायचा फुकट प्रोग्राम बनवणाऱ्याने जाहीर तक्रार केली की माझ्या नावावर लोकांच्या मशीनमध्ये टूलबार घालताय. सोर्सफोर्ज या फुकट प्रोग्राम देणाऱ्या साइटवर ही तऱ्हा सुरू झाली म्हणून फोटो एडिट करायच्या गिंपवाल्यांनी २०१३ मध्ये ती साइट सोडली. सोर्सफोर्जचे मालक २०१६ मध्ये बदलले आणि नव्यांनी ते वेष्टन बंद केलं, हे चांगलं केलं, तेही सांगायला हवं.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की गुगलचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं मराठी टायपिंगचं टूल बरेच जण वापरायचे, ते गुगलने स्वतः देणं बंद केलं. मूळ दुकान बंद आणि मागणी मात्र चालू, मग भलत्या साइट त्याच नावावर काहीही विकतात. पण आता त्याची गरजच नाही हो. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, तिथे मराठी भाषा ॲड करा, तिच्या ऑप्शनमध्ये कीबोर्ड ॲड करताना ‘मराठी फोनेटिक’ निवडा. मग विंडोजचं बटण दाबून स्पेस मारला की भाषा बदलते, ‘दाखला’ हवा तर इंग्रजी अक्षरात तसंच टाइप करायचं, तो खाली शब्द सुचवतो. हात बसायला दोन दिवस लागतील. आणि दुसरं, तुमच्या मशीनवर लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुक स्कॅन होतात, त्यामुळे ते तीन प्रोग्राम काढल्याशिवाय गिऱ्हाईकाचं काम त्यावर घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक दिवसाचा धंदा गेला तरी चालेल.

पावसहून एक बागायतदार लिहितात : फुकट अँटीव्हायरसच्या अपडेटमध्ये एक महिना व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा झाकणारी सोय) फुकट असं आलं, मी कार्ड नंबर दिला. विसरून गेलो. आता वर्षाचे पैसे कापले गेले. मी वर्षाचं घेतलंच नव्हतं. दाद कुठे मागायची?

आधी बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन त्या कार्डावरचं ऑटो पेमेंट, ज्याला ई-मँडेट म्हणतात, ते रद्द करा. नुसता प्रोग्राम काढून टाकला म्हणून पैसे कापणं थांबत नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून असे परत परत कापले जाणारे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला मेसेज किंवा मेल यायला हवा आणि त्यात नको म्हणायची सोय हवी. मेसेज तपासा, आंब्याच्या सीझनमध्ये शंभर मेसेजमध्ये तो हरवला असेल. आलाच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा, तारखेसकट.

कंपनीला रिफंडसाठी मेल टाका आणि त्याची कॉपी ठेवा. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे वेबसाइट आणि ॲपमधल्या अशा फसव्या मांडणीबद्दल, मार्गदर्शक नियम काढले, त्यात फसवणुकीचे १३ प्रकार दिलेत. न सांगता बिलात वस्तू घुसवणं त्यात आहे, रद्द करायची वाट मुद्दाम अवघड करणं म्हणजे सब्स्क्रिप्शनचा सापळा तोही आहे. तक्रारीत हे शब्द वापरा. त्या खिडकीचा फोटो असता तर फार बरं झालं असतं, म्हणून सगळ्यांनाच सांगतो, शंका आली की मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

गुहागरहून एक विद्यार्थिनी विचारते : फोनमध्येपण असं होतं का? सिस्टिम अपडेटनंतर चार गेम आपोआप आले.

होतं. अपडेटनंतर फोन परत चालू होताना ‘हे ॲप्स पण घ्या’ अशी यादी येते आणि त्यात टिक आधीच असतात, तिथे ‘स्किप’ शोध, बहुतेक वर कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. आलेले गेम दाबून धरून अनइन्स्टॉल कर, न निघणारे ‘डिसेबल’ कर.

दापोली तालुक्यातून एक वाचक : आमच्या वाडीत रेंज फक्त वरच्या सड्यावर. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालवतो, अपडेटने सगळा डेटा जातो आणि काम राहतं.

लॅपटॉपवर त्या हॉटस्पॉटच्या वायफाय सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग विंडोज बहुतेक अपडेट स्वतःहून ओढत नाही, विचारून ओढतं. पण महिन्यातून एकदा दापोलीला बाजाराला उतराल तेव्हा लॅपटॉप सोबत घ्या आणि ओळखीच्या कोणाकडे चांगल्या वायफायवर तासभर लावून ठेवा. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची दुरुस्ती येते, आपल्याकडे ती रात्री पोचते, तेव्हा त्याच्यानंतरचा बाजार पकडा. चार्जर न विसरता न्या.